दहा परसांवरचं घड्याळ

आष्टी म्हटलं की पुष्कळांना बीडचं आष्टी आठवतं. हे ते नव्हे. हे जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं. काळ्या जमिनीचं, कापूस-तुरीचं. या भागातली जुनी माणसं विहिरीची खोली अजून परसात सांगतात. परस म्हणजे पुरुष, माणसाच्या उंचीवरून आलेलं माप. दहा परस म्हणजे साधारण साठ फूट. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. काठावर यारी उभी असते, तळाशी दोन-चार गडी असतात, आणि वरचा माणूस मधूनमधून ओरडून खालच्यांची खबर घेतो.

कृष्णविवराकडे जाण्यासाठी मला याहून सोयीची जागा दिसत नाही. अंतराळयान, रॉकेट, सिनेमातला हिरो यांची नंतर गरज पडली तर पाहू.

समजा, दोन घड्याळं घेतली. अगदी एकसारखी आणि कल्पनेतही चूक न करणारी. एक काठावर ठेवलं, दुसरं यारीच्या दोराला बांधून तळाशी सोडलं. वर्षभरानं वर ओढून दोन्ही शेजारी ठेवली, तर तळाचं घड्याळ मागे पडलेलं दिसेल. किती? सुमारे ६० नॅनोसेकंद. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. पुरा एक सेकंद मागे पडायला त्या घड्याळाला दीड कोटीहून अधिक वर्षं तळाशी बसावं लागेल. एवढ्यानं कुणाचं काही अडत नाही. पण फरक खरा आहे, आणि तो मोजला गेला आहे.

१९६० साली हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी हा प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी एका इमारतीतल्या मनोऱ्याची २२.५ मीटर उंची वापरली. म्हणजे ७४ फूट, आपल्या हिशेबानं जेमतेम बारा परस. घड्याळ म्हणून त्यांनी लोखंडाच्या एका प्रकारच्या अणूंतून निघणारे गॅमा किरण घेतले, कारण त्यांची कंपनं कुठल्याही चावीच्या घड्याळापेक्षा चोख असतात. खाली-वर जाताना कंपनांच्या गतीत जेवढा फरक पडायला हवा असं आइन्स्टाइनचं गणित सांगत होतं, तेवढाच पडला. ५० वर्षांनी, २०१० मध्ये, अमेरिकेतल्या मानक संस्थेनं घड्याळ जेमतेम फूटभर वर उचलून तोच फरक दाखवला. पुढे २०२२ मध्ये तो मिलिमीटरभर उंचीतही पकडता आला. म्हणजे तुमचं डोकं तुमच्या पायांपेक्षा किंचित लवकर म्हातारं होतं, हे आता प्रयोगशाळेत दाखवण्याजोगं सत्य आहे.

असं का व्हावं? तळातल्या गड्यानं वर बॅटरी मारली असं धरा. उजेडाला काठापर्यंत चढायचं आहे. दगड वर फेकला तर त्याचा वेग कमी होतो. उजेडाचा वेग कमी होत नाही, तो तसाच राहतो. चढण्याची किंमत उजेड कंपनांतून चुकवतो. वर पोहोचेपर्यंत त्याची सेकंदाला होणारी कंपनं थोडी घटलेली असतात, रंग कणभर तांबडा झालेला असतो. आता विचार करा. तळाशी सुटलेली कंपनं वाटेत हरवत नाहीत. जेवढी सुटली तेवढी काठावर येतातच. तरीही काठावरचा माणूस आपल्या एका सेकंदात कमी कंपनं मोजतो. याचा अर्थ एकच निघतो. त्याचा सेकंद आणि तळाचा सेकंद सारख्या लांबीचे नाहीत.

‘काळ मंदावतो’ हे वाक्य आपण सर्रास वापरतो. मला ते अर्धवट वाटतं, कारण कुणाच्या तुलनेत मंदावतो ते त्यात येत नाही. तळाच्या गड्याला काहीच जाणवत नाही. त्याची नाडी, तंबाखूचा बार, मनगटावरचं घड्याळ, सगळं एकाच चालीनं चालतं. त्याचं घड्याळ बिघडलेलं नाही, वरच्याचंही नाही. दोन्ही शेजारी येतात तेव्हाच फरक दिसतो. कृष्णविवराबद्दल जे जे चमत्कारिक लिहिलं-बोललं जातं त्यातला निम्मा गोंधळ हे विसरल्यामुळे होतो.

आणि हा फरक नुसता प्रयोगशाळेपुरता नाही, तो खिशातसुद्धा आहे. मोबाइलवर रस्ता दाखवणारे जीपीएस उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. म्हणजे ते विहिरीच्या काठावर आणि आपण तळाशी. उंचीमुळे त्यांची घड्याळं आपल्या घड्याळापेक्षा दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. बाकी उरते ३८. एवढ्या वेळात उजेड अकरा किलोमीटर जातो. ही दुरुस्ती केली नाही तर पहिल्याच दिवशी हिशेब काही किलोमीटरांनी चुकू लागेल आणि आष्टीला निघालेला माणूस भलत्याच शिवारात पोहोचेल.

आता विहीर खोल करू. खणत गेलो तर फार काही हाती लागत नाही. पार पृथ्वीच्या केंद्रापर्यंत खणलं तरी गेल्या साडेचार अब्ज वर्षांत केंद्र पृष्ठभागापेक्षा तरुण राहिलं ते अवघ्या अडीच वर्षांनी. काळाची विहीर खोल करायचा मार्ग वेगळा आहे. तो जालन्याकडच्या कुठल्याही जिनिंगमध्ये पाहायला मिळतो. सरकी काढलेल्या रुईचा ढीग प्रेसखाली जातो आणि त्याची आवळलेली गाठ बाहेर येते. वजन तेच, जागा कमी. ताऱ्यालाही असंच दाबत न्यायचं. वस्तुमान तेच ठेवून आकार जसजसा लहान कराल, तसतसा त्याचा पृष्ठभाग विहिरीत खोल खोल जातो.

सूर्याच्या पृष्ठभागावर ठेवलेलं घड्याळ दूरच्या घड्याळाच्या तुलनेत वर्षाला साधारण एक मिनिट मागे पडतं. सूर्याच्या दीडपट वस्तुमान पंचवीसेक किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबलं की न्यूट्रॉन तारा होतो. तिथलं घड्याळ दिवसाला चार-पाच तास मागे राहतं. इथं निसर्ग थांबतो, कारण दाबल्या गेलेल्या न्यूट्रॉनांचा प्रतिकार असतो. पण वस्तुमान याहून बरंच जास्त असेल तर तो प्रतिकारही मोडतो. मग प्रेस थांबतच नाही.

थांबत नाही म्हणजे कुठवर? सूर्य ३ किलोमीटर त्रिज्येच्या आत गेला की त्याच्यातून उजेडही चढून वर येऊ शकत नाही. पृथ्वीची ही हद्द ९ मिलिमीटर, म्हणजे अख्खी पृथ्वी खेळातल्या गोटीएवढी. मंठ्याच्या पुढे उत्तरेला लोणारचं विवर आहे, उल्केच्या आघातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. तशी तीन विवरं एका रांगेत मांडली की सूर्याच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची रुंदी होते. लोणारच्या काठावर उभं राहून हा हिशेब एकदा डोळ्यांनी करून पाहावा. कागदावर ‘३ किलोमीटर’ वाचून जे होत नाही ते तिथं होतं.

या हद्दीला घटनाक्षितिज म्हणतात. तिथं भिंत नाही, पडदा नाही, ओलांडताना पायाला काही लागत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं उलटं आहे. आडात भरपूर आहे, पण कुठलाच पोहरा ते वर आणू शकत नाही.

या हद्दीचं गणित कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा ते पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात रशियन आघाडीवर होते, आणि त्याच वर्षी वारले. भारतात या विषयाचं एक जुनं घर बनारसला होतं. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात सापेक्षता शिकवत. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये उजेड बाहेर टाकत राहणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं गणित मांडलं. ते आजही जगभर वैद्यांच्याच नावानं ओळखलं जातं. बनारसच्या त्या घरात वाढलेल्या जयंत नारळीकरांनी पुढे एक वेगळाच उद्योग केला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. तिच्यात ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं एक कथा आली. तिचं नाव ‘कृष्णविवर’. हस्ताक्षर मंगलाताई नारळीकरांचं, कारण जयंतरावांचं अक्षर ओळखीचं होतं. आणि टोपणनावाची आद्याक्षरं ज. वि. ना. ही उलटी फिरवलेली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या मते मराठी वाचकाच्या डोक्यात हा शब्द पक्का बसला तो पाठ्यपुस्तकातून नव्हे, अशा गोष्टींमधूनच.

आता खऱ्या कृष्णविवराशी जाऊ. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी एक आहे. मे महिन्यात रात्री दोन-अडीचला आष्टीच्या माळावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं. वृश्चिकाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, आणि शेजारची धनू रास यांच्या मधल्या दाट पट्ट्यात, क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर ती दिशा आहे. जुलैत हीच जागा रात्री दहा-साडेदहालाच तेवढ्या उंचीवर येते, पण तेव्हा ढग असतात, आणि नसले तर ती अधिक काळजीची गोष्ट असते. तिथं साध्या डोळ्यांना काही दिसणार नाही. सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, धुळीच्या ढगांमागे, सूर्याच्या ४० लाख पटींहून अधिक वस्तुमानाचं ते विवर आहे. त्याची हद्द मध्यापासून सव्वा कोटी किलोमीटरवर.

त्याभोवती एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो विवराच्या सर्वांत जवळ आला. सूर्य-पृथ्वी अंतराच्या १२० पट अंतरावरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वेगानं गेला. त्याच्या उजेडाचा रंग तेव्हा गणितात सांगितला तेवढाच तांबड्याकडे सरकला. त्यातून वेगाचा नेहमीचा भाग वजा करून उरलेलं घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवसांत ताऱ्याचा काळ आपल्या तुलनेत दिवसाला साधारण मिनिटभर मागे पडत होता. विहिरीतला ६० नॅनोसेकंदांचा वर्षभराचा फरक आणि हा दिवसाचा मिनिटभराचा फरक, दोन्हींचं सूत्र एकच. या केंद्रस्थ विवराच्या शोधासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं, रॉजर पेनरोझ यांच्यासोबत.

आणखी जवळ गेलं तर? हद्दीच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या उंचीवर घड्याळ स्थिर धरलं तर ते निम्म्या गतीनं चालतं. हद्दीपासून एक टक्का वर धरलं तर दहापट मंद. तिथं एक वर्ष काढून परतलात तर आष्टीत दहा पावसाळे होऊन गेलेले असतील. हे आकडे पुस्तकातून नेहमी येतात. त्यांच्यासोबत एक गोष्ट सांगायची मात्र राहून जाते: घड्याळ तिथं स्थिर धरायचं कशानं? दोर कुठला? हद्दीच्या एक टक्का वर जागेवर थांबायचं तर शरीराला पृथ्वीवरच्या वजनाच्या सुमारे ३५ लाख पट भार सोसावा लागेल. दहा पावसाळे चुकवण्याच्या मोबदल्यात माणसाचा पापडही उरणार नाही.

भार टाळायचा तर न थांबता भोवती फिरत राहावं, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तसं. मग वजन जाणवतच नाही. पण न फिरणाऱ्या विवराभोवती टिकाऊ कक्षा हद्दीच्या तिपटीहून आत नाहीत. त्या शेवटच्या कक्षेत तुमची दहा वर्षं म्हणजे बाहेरची चौदा. बस, एवढंच. ‘इंटरस्टेलर’ या चित्रपटात एका तासाची बाहेर सात वर्षं होतात. ते अशक्य नाही, पण त्यासाठी विवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगानं गरगरत असावं लागतं. चित्रपटाचे सल्लागार किप थॉर्न यांनीच हिशेब केला होता. कमाल वेगाला शंभर लाख कोटीव्या भागाइतकी कसर चालते, त्याहून जास्त नाही. पटकथेनं आधी सात वर्षं मागितली आणि मग गणितानं तसं विवर शोधून दिलं. मला यात काही गैर वाटत नाही. फक्त कुठली गोष्ट आधी आली ते माहीत असावं.

आता कुणी आत पडलं तर काय, या प्रश्नाकडे येतो. मुलांसमोर हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो: पडणारा मरतो की तिथं थांबून राहतो? काठावरचा आणि पडणारा, दोघांची साक्ष वेगळी नोंदवावी लागते.

काठावरच्याला पडणाऱ्याचं घड्याळ मंद होत जाताना दिसतं. हद्दीवर ते थांबावं. म्हणून पडणारा तिथं कायमचा लटकलेला दिसतो, असं लिहिलेलं सापडतं. रशियन शास्त्रज्ञ तर या वस्तूंना पूर्वी ‘गोठलेले तारे’ म्हणत. पण हे चित्र फसवं आहे. काळाबरोबर उजेडही मंदावतो; तांबडा होतो, मग डोळ्यांना न दिसणारा, मग कुठल्याच यंत्राला न पकडता येणारा. सूर्याच्या दसपट वस्तुमानाच्या विवरापाशी हे सगळं काही मिलिसेकंदांत संपतं. आकाशगंगेच्या मध्यावरच्या मोठ्या विवरापाशी त्याला फार तर मिनिटं लागतील. तिथं पडलेल्यांचं प्रदर्शन भरलेलं नाही. काठावरच्याच्या लेखी माणूस विझतो.

पडणाऱ्याची साक्ष सरळ आहे. त्याच्या मनगटावरचं घड्याळ नेहमीसारखं चालतं. हद्द कधी ओलांडली ते त्याला कळत नाही. दुरून निवांत पडत आलेला असेल तर या मोठ्या विवरात हद्दीपासून शेवटापर्यंत त्याच्या घड्याळात अर्धं मिनिटही होत नाही. हात-पाय मारून, इंजिन चालवून ही मुदत वाढवायची म्हटली तरी साधारण एक मिनिट, त्याच्या पुढे नाही. कारण आतमध्ये दिशा आणि काळ यांची अदलाबदल होते. बाहेर ‘मध्य’ ही एक जागा असते. तिच्याकडे पाठ फिरवून चालू लागता येतं. आत ती जागा राहत नाही, ती येणारी घटका होते. उद्याची सकाळ टाळण्यासाठी कुठल्या बाजूला पळावं, या प्रश्नाला जसं उत्तर नाही तसंच तिथं. पेनरोझ यांनी १९६५ मध्ये हेच गणितानं सिद्ध केलं: एकदा ही मर्यादा ओलांडली की शेवट चुकत नाही. त्या शेवटच्या क्षणी नेमकं काय होतं, तिथं आपलं आजचं भौतिकशास्त्र लेखणी खाली ठेवतं.

काळाचं झालं, आता द्रव्याचं. इथंही लोकांच्या मनातलं चित्र ‘प्रचंड ओढ’ असं असतं. पण ओढ कितीही असो, तिच्यासकट मोकळं पडत राहिलं तर ती जाणवत नाही. तुटलेल्या लिफ्टमधल्या माणसाला वजन नसतं. घात होतो तो ओढीतल्या फरकानं. माणूस पायांकडून पडतोय. पाय विवराला जवळ, डोकं पावणेदोन मीटर लांब. पायांवरची ओढ जास्त, डोक्यावरची कमी. हाच फरक चंद्रामुळे समुद्राला भरती आणतो. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजू एकाच बिंदूकडे ओढल्या जात असल्यानं बाजूंनी दाबही येतो. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला इटलीच्या लांब शेवयांवरून नाव दिलंय. आपल्याला तेवढं लांब जायचं कारण नाही. दिवाळीत सोऱ्या हातात धरलेला कुणीही हे ओळखेल. वरून दाब, चहूबाजूंनी आवळ आणि खाली लांबच लांब धार.

आता उफराटी गंमत पाहा. सूर्याच्या दसपट वस्तुमानाचं ‘लहान’ विवर असेल तर हद्दीपाशी डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीतला फरक पृथ्वीवरच्या वजनाच्या पावणेदोन कोटी पट होतो. माणूस हद्दीच्या कितीतरी आधी तुटतो. पण मध्यावरच्या चाळीस लाख सूर्यांच्या विवरापाशी तोच फरक वजनाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. शर्टाची बाहीसुद्धा ताणली जाणार नाही. विवर जेवढं मोठं, तेवढी त्याची हद्द सौम्य. आत शिरायचंच असेल तर मोठं निवडावं, एवढा सल्ला या शास्त्रावरून देता येतो.

माणसाला सोडून देणारं मोठं विवर ताऱ्याला मात्र सोडत नाही, कारण तारा लाखो किलोमीटर रुंद असतो आणि जवळच्या-लांबच्या बाजूंतला फरक तेवढाच वाढतो. आकाशगंगेच्या मध्यावरच्या विवरापासून साधारण ११ कोटी किलोमीटरच्या आत सूर्यासारखा तारा शिरला तर तो फाटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अशी एक घटना पकडली गेली. तिचं नाव एटी-२०२२-सीएमसी. आपल्यापासून साडेआठ अब्ज प्रकाशवर्षांवर एका विवरानं तारा फाडला आणि त्याच्या द्रव्याचा झोत जवळपास उजेडाच्या वेगानं नेमका आपल्या रोखानं फेकला. ती पाहणाऱ्या दुर्बिणींत लडाखमधल्या हानले इथली ७० सेंटिमीटर आरशाची ग्रोथ-इंडिया दुर्बीण होती. ती मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून चालवतात, आणि आयआयटीतलं काम वरुण भालेराव यांच्या गटाकडं आहे.

फाटलेलं द्रव्य सरळ आत जात नाही. गोदावरीच्या पुरातला भोवरा ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगायला नको. पाणी फिरत फिरत आत उतरतं. विवराभोवती वायूची अशी चकती बनते. आतले थर वेगात, बाहेरचे सावकाश, त्यांचं घर्षण होतं आणि आतला वायू कोटभर अंश तापून क्ष-किरण टाकू लागतो. उजेडही न सोडणारी वस्तू अशी आकाशातली सर्वांत झगमगीत वस्तू ठरते, अर्थात हद्दीच्या बाहेरच्या बाजूनं. सूर्य हायड्रोजन जाळतो तेव्हा वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. विवराकडे उतरणारं द्रव्य सहा टक्क्यांपासून, विवर जोरात फिरत असेल तर चाळीस टक्क्यांपर्यंत ऊर्जा देऊन जातं. हे क्ष-किरण पाहण्यासाठी २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारतानं ॲस्ट्रोसॅट उपग्रह सोडला. त्याच्यावरच्या क्ष-किरण उपकरणांतला मोठा वाटा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा.

विवर सगळं ‘शोषून घेतं’ ही समजूत मात्र काढून टाकावी. सूर्याच्या जागी उद्या त्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी तशीच ३६५ दिवसांत फेरी मारेल. तिथ्या चुकणार नाहीत. खरीप बुडेल ते अंधारानं आणि थंडीनं, ओढीनं नव्हे.

आष्टीहून परतूर, सेलू, जिंतूर करत पूर्वेला गेलं की हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ लागतं. सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. ज्योतिर्लिंगासाठी लोक तिथं पूर्वापार जातात. कृष्णविवरांच्या टकरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा त्याच तालुक्यात उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चासह मान्यता दिली. तिच्यात काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असतील, आणि काम एकच: दोन बाहूंच्या लांबीतला फरक मोजणं. पुन्हा फरकच.

अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा दोन कृष्णविवरांची टक्कर ‘ऐकली’. एक ३६ सूर्यांचं, दुसरं २९ सूर्यांचं. मिळून झालं ६२ सूर्यांचं. बेरजेतले तीन सूर्य कुठे गेले? ते सेकंदाच्या एका अंशात अवकाश-काळाच्या लाटा होऊन निघून गेले. सव्वा अब्जांहून अधिक वर्षांनी ती लाट इथं आली तेव्हा चार किलोमीटरच्या बाहूत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडोव्या भागाचा. एवढा बारीक आवाज गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत होते. तेव्हा असा काही आवाज कधी येईल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. लाटेचा शेवटचा तुकडा घंटेवर टोला पडून नाद विरत जावा तसा होता. हा नाद असा असेल हे बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये लिहून ठेवलं होतं. तो ऐकू आल्याचं जाहीर झालं ११ फेब्रुवारी २०१६ ला. पुढच्या जानेवारीत ते गेले.

औंढ्याची जागा शोधताना जमीन किती शांत आहे हे आधी पाहिलं गेलं. शहर लांब, खाली बसाल्टचा टणक थर. पण अशा यंत्राला शांतता म्हणजे काय लागतं, ते अमेरिकेतल्या अनुभवावरून कळतं. लुइझियानातल्या वेधशाळेला आसपासच्या जंगलतोडीचा त्रास झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला २०१७ च्या उन्हाळ्यात माहितीत मधूनच एक विचित्र खडखड दिसू लागली. विश्वाच्या कुठल्या कोपऱ्यातून ती येते आहे याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञ थेट इमारतीबाहेरच्या एका नळापाशी पोहोचले. द्रव नायट्रोजनच्या त्या थंडगार नळावर बर्फ साचत होता, आणि डोमकावळे चोचीनं तो टोचून खात होते. बर्फावरच्या खुणा त्यांच्या चोचींशी जुळल्या. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट तिथं खरी ठरली, आणि नळाला वेष्टन घालावं लागलं.

औंढ्यात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, आणि कावळ्यांची तिथं कधीच वाण पडलेली नाही.